मसुराचा दाणा

रूमेनाचा बोयान चालायला लागला, म्हणून सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे गोल पाव भाजला. हा पाव जमिनीवरून घरंगळत सोडायचा, त्याच्यामागे पोरानं चालत जायचं आणि बुटक्या मेजावर मांडलेली एक वस्तू उचलायची. जी उचलेल तो त्याचा धंदा. सासऱ्यांनी आपली थापी ठेवली, सासूबाईंनी शिवणाची कात्री, दिरानं पेन. रूमेनानं मसुराचा एक दाणा ठेवला.

"हे काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "महिनाभर रोज मसुराचा रस्सा वाढतेस, तेवढ्यानं नाही भागलं?"

"असू द्या, आई."

बोयान डुलत डुलत मेजापाशी आला. थापीवर त्यानं थापटी मारली, पेन ढकलून पाडलं. मग वाकून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तो दाणा अलगद उचलला. तोंडात जायच्या आत रूमेनानं काढून घेतला.

"घ्या! तीन पिढ्या गवंडी, आणि हा निघाला आचारी," सासरे म्हणाले.

"आचारी कसला? लोकांच्या शेतात दाणे वेचणार," सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि तू हसतेस काय?"

रूमेना आत गेली. मसुराच्या बरणीखालची डॉक्टरांची चिठ्ठी काढून तिनं शेवटची एकदा वाचली आणि फाडून टाकली.

'बाळाला चिमटीत वस्तू धरता येत नाही. महिनाभर रोज दाणे उचलायला लावा. तरीही जमलं नाही, तर प्लोवदिवला मोठ्या डॉक्टरांकडे न्या.'

महिना उद्या संपणार होता.