जाळ कुठवर गेला

विज्ञान प्रदर्शनातल्या आपल्या टेबलावर कामिनीने वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि तिचे हात थांबले. तांब्याची पट्टी लखलखत होती.

काल घरी तिने या पातळ पट्टीचं एक टोक गॅसच्या जाळात धरलं होतं. टोक काळं पडलं, त्यापुढे जांभळा, मग नारिंगी, मग सोनेरी असे पट्टे उमटले होते. टेबलामागे टांगलेल्या तक्त्यावर तिने लिहिलं होतं, ‘उष्णता आणि हवा यांमुळे धातूवर चढणारे रंग’. आता पट्टीवर एकही रंग नव्हता.

“आई, ही कोणी घासली?”

“मीच,” मंदाबाई म्हणाली. पोरीचा प्रयोग पाहायला ती वरठीहून मुद्दाम तिच्यासोबत आली होती. “देवाच्या गडव्यासंग चिंच-मीठ लावलं. एवढ्या लोकायसमोर असा कळकट तुकडा मांडते का कोणी?”

शेजारच्या टेबलावरचा कैलाश हसला. “भांड्याचं दुकान लावून राहिली का वो कामिनी?”

पुन्हा तापवायची सोय नव्हती. शाळेच्या सभागृहात जाळाला मनाई होती. परीक्षक दोन टेबलं पलीकडे उभे होते. इथून एकच प्रयोग जिल्ह्याला जाणार होता.

काय होऊन बसलं ते मंदाबाईला आता उमगलं. “मले काय माहीत वं,” ती पुटपुटली. “चाल, त्यायले सांगू. माही चूक आहे.”

“थांब.”

रागाच्या भरात कामिनीने पट्टी मुठीत आवळली होती. मूठ उघडली तर एक टोक कागदासारखं दुमडलेलं. तिने ते सरळ केलं. मग दुसरं टोक वाकवलं. ते उसळून पुन्हा सरळ झालं. तिने आणखी एकदा वाकवून पाहिलं. मग वळून तक्ता काढला आणि गुंडाळून टेबलाखाली ठेवला.

परीक्षक आले. “यादीत तर रंगांचा प्रयोग लिहिलाय. रंग कुठे आहेत?”

“आईनं घासले, सर.”

आजूबाजूची पोरं खिदळली. परीक्षकांनाही हसू आवरलं नाही. “मग मी गुण कशाचे देऊ?”

“रंगाचे नका देऊ. तो वरचा थर होता, फार पातळ, म्हणून निघाला. पण जाळ आतही गेला होता. कारखान्यात पत्रा दाबून लाटतात, तेव्हा आतले कण ताणले जातात. म्हणून तो कडक असतो. चांगला तापला की त्यांच्या जागी नवे कण तयार होतात आणि पत्रा मऊ पडतो. ते चिंचेनं निघत नाही.” तिने पट्टी त्यांच्या हातात दिली. “डोळे मिटून सांगा सर, जाळाची आच कुठवर पोचली होती?”

परीक्षकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. दोन्ही अंगठ्यांनी पट्टी थोडी थोडी वाकवत ते पुढे सरकू लागले. पोरं भोवती जमली. कैलाशही आपलं टेबल सोडून जवळ आला. मध्याच्या जरा अलीकडे परीक्षकांची बोटं अडली. ते मागे आले, पुन्हा पुढे गेले.

“इथवर.”

मंदाबाई पुढे वाकली.

“हो साहेब,” ती हळूच म्हणाली. “तेथवरच मले घासाले जोर लागला.”