तिसरा पेला

"आता हा शेवटचा," हिलेगोंडाने तिसरा पेला पुढे सरकवला.

क्राइनच्या कपाळावर घाम आला. पहिले दोन त्याने अचूक ओळखले होते, पण डोळ्यांनी. पेला हलवला की वर येणारे बुडबुडे किती टिकतात, यावरून जेनेव्हर दारू किती कडक ते कळतं. नाकाची ताकद मात्र मागच्या हिवाळ्यातला ताप घेऊन गेला होता. आणि स्खीडाम शहरात बिननाकाच्या चाखणाऱ्याला कुठल्याही भट्टीवाल्याने दारातसुद्धा उभं केलं नसतं. त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

हिलेगोंडाचे वडील वारल्यावर भट्टी तिच्याकडे आली होती, आणि आज ती जुन्या चाखणाऱ्याची परीक्षा घेत होती. तिने पेला काठोकाठ भरला. असा पेला उचलायचा नसतो. हात पाठीशी बांधायचे आणि वाकून पहिला घोट घ्यायचा. म्हणजे हलवणं बंद. पोरीने आपली चोरी पकडली, असं त्याला वाटलं.

"काय क्राइनकाका, कंबर कुरकुरते?"

"कंबर कुरकुरते, बाईसाहेब. जीभ नाही."

तो वाकला. घशात जाळ उठला आणि मागाहून गोडवा आला. हे तीन वर्षं मुरलेलं, की कालच्याच मालाला साखर लावून सजवलेलं? जिभेला काही केल्या सांगता येईना. शेवटी त्याने देवाचं नाव घेऊन ठोकून दिलं.

"मुरलेलं. तीन वर्षांचं."

हिलेगोंडाने पेल्याखालची चिठ्ठी उलगडली, दोनदा वाचली आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला.

"बरोबर! आजपासून एकेक पिंप तुमच्या शब्दावर बाहेर जाईल. मी मध्ये पडणार नाही. हातपाय चालतील तोवर तुमची जागा पक्की."

क्राइनचा जीव भांड्यात पडला. त्याला रडूच आलं असतं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. भट्टीवरचा योरिस नाकाला फडकं लावून उभा होता.

"मालकीणबाई, भिंतीपलीकडे धान्याचा लगदा करपलाय! घाण कालव्यापर्यंत गेलीय, नावाडी शिव्या घालतायत. आम्ही म्हणतोय, आत्ता येतील, मग येतील. आणि तुम्ही दोघं इथे खुशाल बसलाय?"

क्राइनने हिलेगोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे," ती पुटपुटली, "तुमचंही नाक गेलंय?"