पाहुण्यांची मोटरसायकल

किका मारून मारून मामा घामाघूम झाले, तरी भाच्याची मोटरसायकल सुरू होईना. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम नुकताच उरकला होता. प्रश्न सगळे मामांनी विचारले, उत्तरं मुलीच्या, म्हणजे ऋतुजाच्या, वडिलांनी दिली. ज्यांचं लग्न ठरायचं ते दोघे गप्पच होते.

ऋतुजा पान्यांची पेटी घेऊन अंगणात आली. वाकून पाहते तर प्लगची कॅप काढलेली.

"ही आपोआप निघत नाही," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे," मुलगा म्हणाला. "मामा उद्याच उत्तर कळवणार. त्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं."

"मग बिघाड तरी जरा मोठा करायचा."

पेटीतला सगळ्यात मोठा पाना काढून तिने घराकडे पाहिलं.

"बाबा, मामांना आत नेऊन आणखी एक चहा द्या. इंजिन उघडावं लागेल."