दर वर्षीचा पॅरोल

जन्मठेप भोगणाऱ्या मिंगेलला काही दिवस पॅरोलवर घरी येता यावं म्हणून त्याचा धाकटा भाऊ कायतान दर वर्षी वकिलाच्या पायऱ्या झिजवायचा. कधी गावच्या चर्चच्या फेस्ताचं निमित्त, कधी छपराच्या दुरुस्तीचं. असा भाऊ नशिबानं मिळतो, असं सगळा गाव म्हणायचा.

तुरुंगातला जुना कैदी बाबुसो मात्र हसला. "अरे खुळ्या, चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सुटकेचा अर्ज होत नाही, आणि पॅरोलवरचे दिवस त्यात धरत नाहीत. जितका घरी जाशील, तितका इथं जास्त राहशील. तुझ्या भावाला काजूची बाग एकट्यालाच हवीय, दुसरं काय!"

ते बोलणं मिंगेलच्या मनात रुतून बसलं. या खेपेला घरी आल्यावर कायताननं हौसेनं मासळी वाढली, तीही त्याला गोड लागेना. शेवटी ताट सरकवून तो म्हणाला, "पॅरोलचे दिवस धरत नाहीत, हा नियम तुला ठाऊक होता ना रे?"

"होता," कायतान खाली मान घालून म्हणाला.

"मग मला आत सडवायलाच एवढी धडपड?"

कायताननं खाटेवर पडलेल्या आईकडे बघितलं.

&nbsp;

"त्याला नको बोलूस, पुता," आई म्हणाली. "तो दर वेळी नको म्हणून माझ्याशी भांडतो. पण तुझी चौदा वर्षं भरेपर्यंत मी कुठली उरायला?"