डावीकडे न जाणारा काटा

दरेकशाच्या चढाला तोंड लागलं आणि ईश्वरदासच्या गाडीतला, टर्बोचा जोर दाखवणारा बूस्टचा काटा शून्यावर ठाण मांडून बसला. अॅक्सिलरेटर पार खाली टेकवला, तरी हलेना. एखादा कोळी आला असता तर त्यावर जाळं विणून, दोन पिढ्या वाढवून निवांत निघून गेला असता.

"छोटू, अबे नीट बसला ना तू?" ईश्वरदासनं आरशातून मागे पाहिलं.

मागच्या सीटवर त्याचा धाकटा भाऊ छोटेलाल खिडकीबाहेर बघत होता. "बसलो हाये दादा."

"मंग काटा काऊन चढून नाई राहिला?"

प्रश्न तुम्हाला येडपट वाटेल. त्यांच्या कुडवा गावात कुणालाही वाटला नसता. नवरदेव आणायच्या धंद्यासाठी ईश्वरदासनं आपल्या जुन्या दोस्ताकडून, दुधरामकडून, ही टर्बो गाडी घेतली तेव्हापासून सगळ्यांनी पाहिलं होतं : छोटेलाल मागे बसला की काटा उजवीकडे उडी मारायचा. तो नसला की मेल्यासारखा पडून. लोक म्हणाले, पोराचा पायगुण. ईश्वरदासनं भावाशिवाय गाडी काढणंच सोडलं. चढावर ती म्हशीसारखी धापा टाकायची, ते खरं. पण काटा उजवीकडे म्हणजे टर्बो ठणठणीत. मग दोष जेवून आलेल्या वऱ्हाडाचा.

आज गाडीत वऱ्हाड नव्हतं. दुधरामच्याच पोरीचं, दुर्गेश्वरीचं लग्न होतं, आणि तिचा नवरदेव दरेकशाला मुंडावळ्या बांधून वाट पाहत होता.

ईश्वरदासनं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं आणि काट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"काल नागऱ्याच्या देवळापाशी एक गाडीवाला भेटला," तो म्हणाला. "त्याची बी पेट्रोलवाली टर्बो. गाडी उभी, इंजिन चालू, अन् काटा शून्याच्या डावीकडं पडलेला. मी म्हटलं, आपला डावीकडं कधी जातच नाई, खानदानी काटा हाये."

"मंग?"

"हसला लेकाचा. म्हणे, भैया, उभ्या गाडीचं इंजिन हवा ओढते. व्हॅक्यूम होते, काटा डावीकडं पडलाच पाहिजे. पाय दाबला अन् टर्बोनं हवा कोंबली, का मंग उजवीकडं. डावीकडं जातच नसन, त नळी इंजिनाले लागली हाये का ते पाहा."

"जाऊ दे ना दादा. मुहूर्त चुकन."

ईश्वरदास तोवर वाकला होता. काट्याच्या पाठीमागे हात घालून त्यानं नळी धरली आणि तिच्या मागोमाग निघाला. नळी इंजिनाकडे गेलीच नाही. ती वळली मॅटखाली, दोन सीटांच्या मधून, थेट मागे. तो उतरला, मागचं दार उघडलं, छोटेलालचे पाय बाजूला सारले. सीटखाली नळीच्या टोकाला रिक्षाच्या भोंग्याचा रबरी फुगा होता.

त्यानं फुगा दाबला. पुढे काटा टणकन उजवीकडे. सोडला, शून्यावर. पुन्हा दाबला.

"दुधऱ्या!" ईश्वरदास ओरडला. झाडावरची वानरं गप्प झाली. "एका ताटात जेवला बे तू माह्यासंग! थांब, मांडवातच तुही..."

आणि तो मध्येच थांबला. फुगा काही आपोआप दाबला जात नाही, हे त्याला जरा उशिरा सुचलं. हातातला फुगा त्यानं उलटून पाहिला. अंगठ्याच्या जागी रबर घासून गुळगुळीत झालं होतं.

"तू?"

छोटेलाल खाली बघत राहिला. "दुधरामभाऊनं म्हटलं, गाडी खपली पाहिजे अन् तुह्या दादाले संशय नाई आला पाहिजे. मंग दुर्गेश्वरीचं तुह्यासंगच जमवतो."

"अन् मी लोकाईले तुहा पायगुण सांगत फिरलो. बोलता नाई आलं तुले माह्यापाशी?"

"मी खोटं काही बोललो नाई दादा. फक्त दाबत होतो."

खाली इंजिन घुरघुरत होतं. ईश्वरदासनं भावाकडे पाहिलं. अंगात इस्त्रीचा नवा शर्ट होता, आणि वरची गुंडी चुकीच्या काजात.

"आज काऊन नाई दाबला?"

छोटेलालनं मान फिरवून दरेकशाकडे चढणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

ईश्वरदासनं फुगा त्याच्या हातात कोंबला, दार धाडकन लावलं आणि येऊन पुढे बसला. पहिला गिअर टाकला.

"दाब."

"दादा..."

"दाब म्हटलं ना."

काटा उजवीकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. गाडी रांगत निघाली. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई बाजूनं चालत आली, तिनं आत डोकावून पाहिलं आणि पुढे निघून गेली.

चढ संपला. गाडी उताराला लागली तसा ईश्वरदासनं अॅक्सिलरेटरवरून पाय काढला.

मागे छोटेलालची मूठ फुग्यावर आवळलेलीच. काटा खाली येईना.