थडग्यावरचं लाल नाव

सहा पिढ्यांचे पूर्वज कागदांत सापडले होते. पण चिगुसाला हवी होती ती सगळ्यांत जवळची बाई, आईची आई तोसे. युद्धाच्या पळापळीत ती मांचुरियात हरवली आणि सरकारी नोंदीत मेली.

गावच्या देवळाचे म्हातारे पुजारी तिला आजोबांच्या थडग्याशी घेऊन गेले. रात्रभर बर्फ पडून गेला होता. वाटेवर फक्त या दोघांचीच पावलं उमटली.

दगडावर आजोबांचं नाव बिनरंगाचं होतं, शेजारी तोसेचं लालभडक.

"जोडीदार जिवंत असेल तर त्याचं नाव आधीच कोरून लाल रंगवतात," पुजारी म्हणाले. "माणूस गेलं की रंग खरवडायचा. तुझ्या आजीचा मी तीनदा खरवडला, पोरी. शेवटी नाद सोडला."

"मग पुन्हा रंगवतं कोण?"

"हात लावून बघ."

रंग ओला होता, आणि कोमट. चिगुसाने दचकून रुमालाने एक अक्षर पुसून काढलं. खाली नुसता करडा दगड दिसला.

मग त्या कोरड्या खाचेत, तळापासून, लाल रंग हळूहळू भरत आला.

तिने घरी फोन लावला.

"आई, आजीच्या फोटोपुढची उदबत्ती विझव."