पुदिन्याचा नमुना

तपासनीस बाई अजून आल्या नव्हत्या आणि वहिनीचा पाय घरात ठरत नव्हता. चहाचं आधण तिने ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं.

मागच्या तपासणीत तिच्या पुदिन्याच्या पाकिटात एका रसायनाचा अंश सापडला आणि सेंद्रिय प्रमाणपत्र अडकलं. नाव जीभ अडखळावी असं, पण तिला ते शिवीसारखं पाठ झालं होतं. आज पुन्हा तेच निघालं तर कित्येक वर्षांची मेहनत मातीत जाणार होती.

तिच्या हातून असं होणं शक्यच नव्हतं. खताच्या पोत्यापासून भांड्यांच्या साबणापर्यंत ती प्रत्येक वेष्टन वाचायची. औषधाची बाटली वाचता वाचताच हिचा ताप उतरतो, असं नवरा म्हणायचा. म्हणून तिचं बोट बांधापलीकडे गेलं. तिथे धाकट्या दिराची वांगी होती आणि तो फवारणी करायचा.

मी ते रसायन कधी आणलंच नाही, हे सांगून सांगून दीर थकला. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातचं खाऊन वाढलो मी. तुमच्या पानांवर विष टाकीन?"

वहिनी पाठ फिरवून घरात गेली. त्याने वांगी उपटून टाकली आणि बायकोला घेऊन दूर निघून गेला. तो आता फोनही उचलत नव्हता. त्याची आठवण आली की तिला स्वतःचाच राग यायचा. पण आता शेजारी वांगी नव्हती; आज पानं स्वच्छ निघाली की खोटं कोण ते ठरणार होतं.

बाई आल्या तेव्हा ऊन कललं होतं. चहा नको म्हणाल्या आणि सरळ वाफ्यांकडे गेल्या. रोज खुडता तसं आधी खुडून दाखवा, म्हणाल्या.

या वेळेला वाफ्यांत डास उठतात. वहिनीने कमरेला खोचलेली मलमाची नळी काढली, हातांना चोपडलं आणि वाकली.

"थांबा. हाताला काय लावलंत?"

"डासांचं आहे. नैसर्गिक. वर हिरवं पान छापलंय बघा."

"मागची बाजू वाचलीत?"

"ही एवढीच राहिली. हे कुठे पिकाला घालायचंय?" वहिनी हसली.

बाई हसल्या नाहीत. "वाचा," म्हणाल्या.

अक्षरं मुंगीएवढी होती. वहिनीने नळी उजेडाकडे धरली आणि मोठ्याने वाचायला लागली. तिसरं नाव तिला पुरतं वाचावं लागलं नाही. ते तिला पाठ होतं.